अंगठा उठवण्यापूर्वी : गर्भनिरोधकांचे संशोधन आणि आपल्या मुली

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी आरोग्याच्या एखाद्या विषयावर लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा आम्ही प्रथम नकारच देणार होतो. आम्ही डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि तेव्हापासून बँकेच्या काउंटरमागे बसलो, एवढीच आमची पात्रता. परंतु गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला घडलेला एक प्रसंग मनातून जाईना, आणि त्या प्रसंगात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचनात आले ते समाजबंधू-भगिनींपुढे ठेवावे असे वाटले.

एका कातकरी वाडीवरची एक मुलगी सासूबरोबर पैसे काढायला आली होती. आधार कार्डाप्रमाणे तिला अठरा पूर्ण झाली होती. चेहरा मात्र पंधरा-सोळाचा वाटत होता. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने पासबुक काढले, त्याबरोबर आरोग्य केंद्राचे एक कार्डही बाहेर आले. सासू बाकावर जाऊन बसल्यावर तिने ते कार्ड हळूच आमच्यापुढे सरकवले. "ताई, ही तारीख निघून गेली काय?" तारीख निघून दोन महिन्यांवर दिवस झाले होते. दिवाळीनंतर सारे कुटुंब वीटभट्टीवर गेले होते, ते नुकतेच परतले होते. कार्ड होते तीन महिन्यांनी घ्यावयाच्या गर्भनिरोधक इंजेक्शनचे. मग आवाज आणखी खाली आणून तिने विचारले, "वाडीवर म्हणतात, हे इंजेक्शन सरकार आमच्यावर करून बघतंय. खरं काय?"

मागे रांग होती. "नाही गं, तसं काही नसतं," असे म्हणून आम्ही तिला वाटेला लावले. घरी गेल्यावर लक्षात आले की आपण जे उत्तर दिले त्याला आपल्यापाशी काहीच आधार नव्हता.

उत्तराला सुरुवात थोडी मागून करावी लागते. संततिनियमन म्हणजे सरकारने गरिबांच्या मागे लावलेले लचांड, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ आहे. पण सरकारने हा विषय हाती घेण्यापूर्वी तो मागणीच्या रूपाने पुढे आला होता. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. या कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला. पण चारच वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोराने प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी कराव्यात, अशी त्याची मागणी होती. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी सभागृहात केले. ठराव फेटाळला गेला. त्या भाषणात वारंवारच्या बाळंतपणाने खंगणाऱ्या स्त्रीचा विचार आधी आहे. आपल्या आजीच्या पिढीतील किती बायका सातव्या-आठव्या बाळंतपणात गेल्या ते ज्याने त्याने आपापल्या घरात विचारून पाहावे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी मुंबईत या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९५४ साली मुंबईत गर्भनिरोधकांची तपासणी करणारा एक विभाग सुरू झाला. त्यातूनच पुढे १९७० साली परळची प्रजनन संशोधन संस्था उभी राहिली, जी आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था आहे. म्हणजे कर्जतहून निघालेली लोकल ज्या परळ-दादर भागात आपल्याला नेऊन सोडते, तिथेच गेली सत्तर वर्षे हे संशोधन चालू आहे. वाडिया, केईएम, टाटा या इस्पितळांत नातेवाईक दाखल असल्यामुळे आपल्यातील किती जण त्या रस्त्यावरून डबा घेऊन गेले असतील!

कार्यक्रम वाढला तशी 'उद्दिष्टे' आली, आणि उद्दिष्टांबरोबर माणूस मागे पडून आकडा पुढे आला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पुरुषांवरच्या सक्तीविरुद्ध देश उठला आणि सरकार पडले. त्यानंतर नसबंदीचे ओझे हळूहळू जवळजवळ सगळे बायकांवर सरकले, त्याविरुद्ध मात्र कोणी उठले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेल्या शंभरात एकही नाहीत.

आमच्या थोरल्या बहिणीचे ऑपरेशन तेविसाव्या वर्षी शिबिरात झाले. दोन मुले झाली होती, सासरचे म्हणाले, ती गेली. आजही ती सांगते की कागदावर काय लिहिले होते ते तिला ठाऊक नाही. बोट ठेवून दाखवले तिथे तिने सही केली. तिची तक्रार ऑपरेशनबद्दल नाही. "तांबी असते, गोळ्या असतात, हे मला तिथं कुणी सांगितलंच नाही," एवढीच तिची तक्रार आहे.

आता इंजेक्शनकडे येऊ. वाडीवरच्या त्या मुलीचा प्रश्न अगदीच निराधार नव्हता, कारण गर्भनिरोधक इंजेक्शने खरोखरच बायकांना न सांगता 'करून बघितली' गेली आहेत. १९८० च्या दशकात 'नेट-एन' नावाच्या इंजेक्शनच्या चाचण्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चालविल्या होत्या. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरू येथील आरोग्य केंद्रात बायका जमविलेल्या असताना तेथील महिला कार्यकर्त्यांनी त्यांना विचारले, की हे इंजेक्शन अजून चाचणीत आहे हे तुम्हाला सांगितले आहे का? सांगितलेले नव्हते. ते कळल्यावर बऱ्याच बायका निघून गेल्या. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची सहेली यांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती २००० सालापर्यंत चालली. शेवटी सरकारनेच सांगितले की हे इंजेक्शन सरसकट कार्यक्रमात देणे योग्य नाही. जिथे समुपदेशन आणि पुढची तपासणी यांची सोय असेल तिथेच ते द्यावे.

दुसरे इंजेक्शन 'डेपो', शास्त्रीय नाव डीएमपीए. अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये परवानगी मिळाली, आणि १९९३ मध्ये आपल्याकडे खाजगी विक्रीस. त्याविरुद्धही महिला संघटना न्यायालयात गेल्या. सरकारी कार्यक्रमात ते यायला आणखी दोन तपे लागली. २०१७ साली 'अंतरा' या नावाने ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळू लागले. सुरुवातीच्या दहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्या मुलीच्या कार्डावरचे इंजेक्शन तेच. तेव्हा तिला द्यायचे खरे उत्तर असे होते : हे इंजेक्शन आज चाचणीत नाही. जगभर कोट्यवधी बायकांनी ते घेतले आहे, त्याचा परिणाम आणि त्रास दोन्ही बरेचसे ठाऊक आहेत. पण ते ठाऊक होईपर्यंत ज्या बायकांवर ते तपासले गेले, त्यांतील अनेकींना विचारलेले नव्हते. वाडीवरची कुजबुज ही त्या जुन्या अन्यायाची उरलेली आठवण आहे.

चाचणी म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले तर पुष्कळ भीती कमी होते. कोणतेही नवे औषध आधी प्राण्यांवर तपासतात. मग मोजक्या निरोगी माणसांना देऊन ते शरीराला मानवते का हे पाहतात. हा पहिला टप्पा. दुसऱ्यात किती मात्रा लागते ते ठरवतात. तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांना देऊन ते उपयोगी पडते का याचा ताळा घेतात. परवानगी मिळून बाजारात आल्यावरही नोंद ठेवली जाते, तो चौथा. गर्भनिरोधकाच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. तापाचे औषध आजारी माणसाला देतात. गर्भनिरोधक घेणारी बाई आजारी नसते. ती धडधाकट असते आणि अनेक वर्षे ते घेणार असते. म्हणून त्याच्या सुरक्षिततेची कसोटी अधिक कडक असली पाहिजे. पहिली गर्भनिरोधक गोळी १९५६ साली पोर्टो रिकोतील गरीब बायकांवर तपासली गेली, तेव्हा तिच्यातील संप्रेरकांची मात्रा आजच्या गोळीच्या कितीतरी पट होती. बायका मळमळ, चक्कर, डोकेदुखी सांगत होत्या. त्या तक्रारी मनाच्या समजल्या गेल्या. मात्रा कमी करता येते हे नंतर कळले.

साधन किती भरवशाचे, हे मोजण्याची रीत आम्हा बँकवाल्यांना चटकन कळण्यासारखी आहे. आपण व्याज द.सा.द.शे. सांगतो, म्हणजे दर साल दर शेकडा. तसेच इथे शंभर बायकांनी एक वर्ष साधन वापरले तर किती जणींना दिवस राहिले, हा आकडा काढतात. १९३३ साली रेमंड पर्ल या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही रीत घातली. दोनशे बायकांनी सहा महिने वापरले तरी शंभर वर्षेच झाली, असा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेप्रमाणे डेपो इंजेक्शन अगदी वेळच्या वेळी घेतले तर हा दर एकापेक्षाही कमी, ०.२ आहे. पण प्रत्यक्ष संसारात, चुकतमाकत घेतले तर तो ४ वर जातो. गोळीचा ०.३ चा ७ होतो, निरोधचा २ चा १३. तांबीचा मात्र ०.६ चा ०.८, म्हणजे जवळजवळ तोच राहतो, कारण ती एकदा बसविली की बाईला लक्षात ठेवण्यासारखे काही उरत नाही.

या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच आपल्या तालुक्यातील जगणे आहे. इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचे, फार तर चार आठवडे उशीर चालतो. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील कातकरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. कार्तिकात नेरळ किंवा कळंबच्या आरोग्य केंद्रात इंजेक्शन घेतलेल्या मुलीची पुढची तारीख माघात येते. तेव्हा ती दुसऱ्याच तालुक्यात चिखल तुडवत असते. तिथली आशा तिला ओळखत नाही, इथल्या आशाला ती सापडत नाही. संशोधनाच्या कागदावरचा ०.२ हा आकडा ज्या बायकांचा आहे त्यांना कोणीतरी तारखेची आठवण करून देत होते, हे ध्यानात ठेवावे. कार्ड मात्र बरोबर नेले आणि भट्टीजवळच्या सरकारी केंद्रात दाखवले, तर मागचा डोस केव्हा झाला हे तिथल्या सिस्टरला कळते. पण आम्ही पाहिले आहे की कार्ड पासबुकाबरोबर घरी, पत्र्याच्या पेटीत राहते.

आणखी एक गोष्ट चाचणीच्या कागदावर 'पाळीतील बदल' अशा दोन शब्दांत आटोपते. या इंजेक्शनाने सुरुवातीला पाळी अनियमित होते, मध्येच डाग पडतात, आणि पुढे बऱ्याच जणींची पाळी बंदच होते. वैद्यकीयदृष्ट्या ते धोक्याचे नाही. उलट रक्त कमी असलेल्या बाईला त्याचा थोडा फायदाच. पण जिथे पाळीचे चार दिवस अजून बाहेर बसण्याचे आहेत, तिथे महिन्यात पंधरा दिवस डाग दिसणाऱ्या मुलीने स्वयंपाक कधी करायचा? आणि पाळी थांबली की सासूला वाटते दिवस गेले, किंवा मग बाधा झाली. इंजेक्शन देताना हे सांगितलेले नसेल तर दुसऱ्या डोसला ती येत नाही. आणि ते सोडल्यावर पुन्हा दिवस राहण्यास वेळ लागतो. शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी दहा महिने, कोणाला त्याहून जास्त. वांझपण येत नाही. पण लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही म्हणून दुसरी करून आणण्याच्या गोष्टी ज्या घरात होतात, त्या घरातल्या मुलीला हे दहा महिने आधी सांगितलेच पाहिजेत.

इथपर्यंत बायकांविषयी झाले. आमचा मुख्य मुद्दा पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींचा आहे. त्यांच्याबाबत संशोधन फार थोडे आहे. गर्भनिरोधकांच्या बहुतेक चाचण्यांत अठरा वर्षांपुढच्या बायकाच घेतात. अल्पवयीन मुलीवर प्रयोग नको, हा विचार योग्यच. परंतु त्याचा परिणाम असा, की ज्या वयाच्या मुलींची लग्ने आपल्याकडे होतात त्या वयाबद्दलची माहिती मोठ्या बायकांच्या माहितीवरून अंदाजाने काढावी लागते. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. कायद्याने बंदी आहे म्हणून या मुली नाहीत असे धरून चालता येत नाही.

उदाहरण हाडांचे घ्या. डेपो इंजेक्शनाने शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते, त्यामुळे हाडांची घनता थोडी उतरते. तिशीतल्या बाईला हे फारसे जाणवत नाही. पण हाडे भरण्याचे वय म्हणजे वयात आल्यापासून विशीच्या सुरुवातीपर्यंतचे. नेमक्या त्याच काळात इंजेक्शन दिले तर काय, हा प्रश्न मुलींपुरता वेगळा आहे. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबाबत ठळक इशारा छापायला लावला. दुसरे साधन चालत नसेल तरच दोन वर्षांपलीकडे वापरावे, असे सांगितले. त्यानंतर किशोरवयीन मुलींचा पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत असे दिसले की इंजेक्शन चालू असताना घनता कमी होते आणि बंद केल्यावर बरीचशी भरून येते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अठराच्या आतील मुलीलाही ते देता येते, कारण सर्वसाधारणपणे फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे. केवळ वय लहान म्हणून कोणतेही साधन नाकारू नये. सोळाव्या वर्षीचे बाळंतपण हाही हाडांवर आणि जिवावर बेतणारा प्रकार आहे, हे त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आहे.

हे सारे आम्हाला पटते. तरी एक शंका उरते. ते अभ्यास मुख्यतः अमेरिकेतल्या मुलींचे. त्यांच्या ताटात दूध होते. आमच्या वाड्यांवरील मुली नाचणीची भाकरी आणि सुकटीवर वाढतात, त्यांचे रक्त कमी, वजन कमी. त्यांची हाडे तशीच भरून येतात का, हे तिकडच्या आकड्यांवरून कसे सांगावे? म्हणजे इथल्या मुलींवर संशोधन व्हायला हवे. आणि ते व्हायला हवे म्हटले की त्यांना विचारून व्हायला हवे, हा पुढचा प्रश्न उभा राहतो.

विचारण्याचे काय होते, हे २००९-१० मध्ये दिसले. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरील लसीचा एक पथदर्शी प्रकल्प तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत झाला. दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना, त्यांत अनेक आदिवासी, लस देण्यात आली. सात मुलींच्या मृत्यूची बातमी आल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविला गेला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे दिसले नाही, आणि ही लस जगभर उपयुक्त ठरलेली आहे. पण चौकशीत दुसरेच बाहेर आले. आश्रमशाळांतील मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकाने सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीने यावर अतिशय कडक ताशेरे ओढले. आपल्या तालुक्यातही आश्रमशाळा आहेत. पोर शाळेत, आईबाप भट्टीवर; कागद आला तर सही कोण करणार, हे सांगायला नको.

आता नियम पुष्कळ सुधारले आहेत. प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सर्वांना पाहता येईल अशा राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून सक्तीची झाली. नैतिक समितीची मंजुरी लागते. २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. माहितीपत्रक सहभागी व्यक्तीला कळेल अशा भाषेत हवे, त्याची आणि सही केलेल्या कागदाची प्रत तिच्या हातात मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. अठराच्या आतील मुलीसाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय बारा वर्षांवरील मुलीचा स्वतःचा लेखी होकारही. बापाने हो म्हटले आणि मुलगी नाही म्हणाली, तर तिच्या नाहीला किंमत आहे.

कागदाची गोष्ट आम्ही रोज पाहतो. बँकेतही अंगठा घेण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवावा, समजला का विचारावे, ओळखीचा साक्षीदार घ्यावा, असा दंडक आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, रांग दारापर्यंत गेलेली असताना, आम्ही तो किती पाळला? "इथं उठवा" म्हणून पॅड पुढे केले आहे, हे कबूल केले पाहिजे. अंगठा उठवणारी बाई समोरच्या खुर्चीवर विश्वास ठेवते, कागदावर नव्हे. बँकेत फार तर पैशाची चूक होईल, ती दुरुस्त करता येते.

आपल्या राज्यात चांगले संशोधनही झाले आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते निष्कर्ष छापून आले. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या शंभरात आठच. म्हणजे तांबी बसवा, इंजेक्शन द्या म्हणून ज्यांच्या मागे यंत्रणा लागली होती, त्यांच्या दुखण्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. मराठवाड्यात पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने तर औषधाविना संशोधन केले. गावातील अविवाहित मुलींना वर्षभर रोज संध्याकाळी तासभर एकत्र बसवून शरीर, आरोग्य, कायदा, व्यवहार शिकविले. त्या गावांत लग्नाचे मधले वय सोळावरून सतरावर गेले. एकच वर्ष! पण हाडांच्या दृष्टीने, शाळेच्या दृष्टीने ते एक वर्ष फार मोठे असते.

साधनांबद्दलही थोडे सांगतो, कारण वाचक भगिनी विचारतील. इंजेक्शन नको असेल तर 'छाया' ही संप्रेरक नसलेली गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ती शोधली. १९९१ पासून ती 'सहेली' नावाने विकली जात होती. (न्यायालयात गेलेली सहेली संघटना वेगळी, ही गोळी वेगळी, नावाचा घोटाळा आमचाही झाला होता.) पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. तांबी मूल न झालेल्या मुलीलाही बसविता येते. निरोध हे एकच साधन गुप्तरोगापासूनही वाचवते, आणि त्याची जबाबदारी पुरुषाची आहे. म्हणून त्याचे नाव शेवटी निघते.

कायद्याची एक गाठ मात्र सुटलेली नाही. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अठराच्या आतील मुलीचा शरीरसंबंध कळला की पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नी अठराच्या आत असेल तर तो संबंधही बलात्कारच, असा निर्णय दिला. मुलींच्या रक्षणासाठी हे आवश्यक होते, याबद्दल आमच्या मनात दुमत नाही. पण त्यामुळे सतरा वर्षांची विवाहित मुलगी दवाखान्यात जाताना वय वाढवून सांगते, किंवा जातच नाही. संशोधक त्या वयाला हात लावायला कचरतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या बाबतीत थोडी वाट मोकळी केली. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळविताना तिचे नाव देण्याची गरज नाही, असे सांगितले. गर्भ राहिल्यानंतरची ही वाट आहे. तो राहू नये म्हणून आधी येणाऱ्या मुलीसाठी एवढी स्पष्ट वाट आमच्या वाचनात आली नाही.

त्या मुलीकडे परत येतो. आषाढात ती पुन्हा बँकेत आली, या वेळी एकटी. आम्ही रांग थांबवली, तिला आत बाकावर बसविले आणि जेवढे समजले होते तेवढे सांगितले : इंजेक्शन चाचणीतले नाही, पाळी अशी होईल, सोडल्यावर इतके महिने लागतील, खंड पडला आहे तर आधी दिवस राहिले नाहीत ना हे सिस्टरकडून तपासून घे, तांबी आणि गोळीबद्दलही विचार. तिने सारे ऐकले. मग म्हणाली, "दुधाचं म्हणालात, हाडाचं. ते सिस्टरनं नव्हतं सांगितलं." थोडा वेळ गप्प बसून तिने विचारले की दिवाळीला भट्टीवर जाताना कार्ड बरोबर नेले आणि तिथे भिजले तर काय करायचे. आम्ही तिला त्याची झेरॉक्स काढून दिली आणि पासबुकाच्या कव्हरात घालून ठेवायला सांगितले.